पाय थबकले तिथून : निसर्गचित्रकारासाठी वर्षभराचा क्रम

ज्यांचा हात बऱ्यापैकी बसला आहे, पण ज्यांना स्वतःचे चित्र स्वतःचे वाटत नाही, अशांसाठी हा लेख आहे. आपल्याला वॉश सफाईने देता येतो. यथार्थदर्शन, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवण्याचे गणित, चुकत नाही. झाड झाडासारखे दिसते. तरीही दहा चित्रे शेजारी शेजारी ठेवली की एकात शिकवणाऱ्या सरांचा ब्रश दिसतो, दुसऱ्यात मोबाइलवर पाहिलेल्या प्रात्यक्षिकाचा, तिसऱ्यात गेल्या प्रदर्शनात गाजलेल्या कोणाचा तरी. आपण स्वतः कुठे आहोत ते सापडत नाही.

यावर काम करता येते, आणि ते बरेचसे ब्रश हातात घेण्याआधीचे आहे. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत. पहिले चार गाळून थेट रंगांकडे वळलेले बरेच विद्यार्थी मी पाहिले आहेत. सहा महिन्यांनी ते पुन्हा पहिल्या टप्प्याशी येतात. उदाहरणे जलरंगातली आहेत, कारण आपल्याकडे निसर्गचित्रणाची सुरुवात बहुधा त्यातच होते. तैलरंग किंवा ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी आठव्या टप्प्यात आपल्या माध्यमाप्रमाणे बदल करावा.

१. एकच जागा निवडावी. ती घरापासून अर्ध्या तासाच्या आत असावी. महाबळेश्वर, हरिहरेश्वर सहलीसाठी ठीक आहेत. वर्षभर जाणे होत नाही. गावातले तळे, एसटी स्थानकामागचा उतार, भाजी मंडई, दगडाची जुनी खाण, रेल्वेचा पादचारी पूल, यांपैकी काहीही चालेल. पाहायच्या गोष्टी तीनच : बसायला सावली आहे का, दोन तास कोणाला अडचण न होता बसता येईल का, आणि सकाळी व संध्याकाळी दोन्ही वेळा तिथे जाणे सुरक्षित आहे का. जागा 'सुंदर' असण्याची अट घालू नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून गावी परतले आणि कोटितीर्थाचा तलाव व त्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९३१ साली त्यांचे निधन झाले. निसर्गचित्रणाचा अभ्यास करणारे आजही त्या चित्रांपाशी येतात. तळे एकच, पण पाण्यावरचा उजेड प्रत्येक चित्रात वेगळा. फ्रान्समध्ये पॉल सेझानने एक्स या आपल्या गावाजवळचा सेंट व्हिक्टोयर डोंगर अनेक वर्षे असाच रंगवला.

जागा वारंवार पाहिली की तिचे नवेपण जाते, आणि मग आपली नजर कशावर जाते हे आपल्याला कळू लागते. नव्या जागी आपण जागेलाच पाहत असतो.

२. पहिल्या दोन फेऱ्या रंगांशिवाय कराव्यात. वही, पेन आणि पाण्याची बाटली एवढेच न्यावे. एकदा सकाळी जावे, एकदा संध्याकाळी. वीस मिनिटे जागेभोवती फिरावे आणि मग एका ठिकाणी बसावे. मोबाइल पिशवीत ठेवावा. फोटो काढला की पाहण्याचे काम झाले असे मनाला वाटते आणि डोळे सैलावतात. या वेळेत फक्त एवढे टिपावे की आपले पाय कुठे थबकले. विचारपूर्वक निवडलेली जागा आणि पाय आपोआप थबकले ती जागा एकच असेल असे नाही, आणि आपल्या कामाची दुसरी.

३. थबकण्याचे कारण एका वाक्यात लिहावे. सगळ्या क्रमात हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

काही वर्षांपूर्वी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आम्ही वर्ग घेऊन गेलो होतो. कृष्णेच्या काठावर काळ्या पाषाणाच्या रुंद पायऱ्या, वर देऊळ, झाडांची दाट सावली, आणि १७३९च्या वसईच्या विजयानंतर इथे आली असे सांगितले जाते ती मोठी पोर्तुगीज घंटा. लँडस्केपला येणारा बहुतेक प्रत्येक जण ती घंटा रंगवतो. आमच्यात एक शिक्षिका होत्या, पन्नाशीच्या, हात चांगला तयार असलेल्या. त्यांनी वहीत लिहिले, 'घाट अतिशय रमणीय आहे.' मी त्यांना विचारले, हे वाक्य वाचून ब्रशने काय करायचे? रमणीय कोणत्या रंगाचे असते? त्या पुन्हा जाऊन बसल्या.

अर्ध्या तासाने त्यांनी दुसरे वाक्य दाखवले : 'बायकांनी धुणे पिळले की काळी पायरी पांढरी होते.'

मी शेजारी जाऊन पाहिले. खरेच होते. कोरडा पाषाण राखाडी-काळा दिसत होता. त्यावर पाणी ओघळले की ओल्या पृष्ठभागात आकाश उतरत होते, आणि आम्ही बसलो होतो तिथून तिरक्या नजरेला तीच पायरी शेजारच्या कोरड्या पायरीपेक्षा कितीतरी उजळ वाटत होती. पाणी झिरपून पायरी सुकली की उजेड विझत होता; पुढचा पिळा पडला की पुन्हा पेटत होता. मी त्या घाटावर अनेकदा बसलो आहे. माझ्या हे कधी लक्षात आले नव्हते, आणि आमच्या वर्गातल्या इतर कोणाच्या वहीतही ते नव्हते.

आपले वाक्य असे असावे. त्यात विशेषण कमी आणि घटना जास्त असावी. 'शांत', 'भव्य', 'मनोहर' असे शब्द आले तर ते खोडून विचारावे, कशामुळे शांत? दुपारी एकाही झाडाची सावली हलत नाही म्हणून? पाण्यावर तरंग नाहीत म्हणून? उत्तर मिळाले की तेच वाक्य. कोणत्या छटा, कोणत्या कडा, चित्रात काय मोठे आणि काय लहान, हे पुढचे सगळे निर्णय या वाक्याला विचारून घ्यायचे आहेत. वाक्य सापडत नसेल तर त्या दिवशी चित्र काढू नये. रेखाटनांचा सराव करून घरी यावे.

वाक्ये एकाच वहीत लिहीत जावीत. चित्रकार प्रभाकर बरवे वर्षानुवर्षे दैनंदिनी लिहीत. १९९० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक जमल्यास जवळ ठेवावे. ते निसर्गचित्रकार म्हणून ओळखले जात नाहीत, पण चित्रकाराने स्वतःच्या पाहण्याबद्दल मराठीत किती नेमके लिहावे, हे तिथे शिकायला मिळते.

४. वगळण्याची यादी करावी. वाक्याखाली, समोर दिसणाऱ्या पण वाक्याशी संबंध नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. त्या शिक्षिकांच्या यादीत पहिलीच होती घंटा. त्या मला म्हणाल्या, "सर, मेणवलीला येऊन घंटा नाही काढली तर घरचे विचारतील, नक्की गेली होतीस ना?" हे दडपण खरे आहे, प्रत्येकावर असते, आणि ते कबूल केलेले बरे. ओळखीची खूण चित्रात घातली की पाहणारा लगेच म्हणतो, 'अरे, हे तर मेणवली!' त्या उद्गारासाठी आपण किती वेळा रचना बिघडवतो याचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या जुन्या चित्रांत करून पाहावा. शिक्षिकांनी घंटा वगळली. वरचे झाडही त्यांनी एका गडद आकारापुरते ठेवले, कारण पायऱ्यांचा पांढरा दिसायला वर गडद हवा होता. म्हणजे झाड वाक्याच्या कामाचे होते म्हणून राहिले.

५. काडेपेटीएवढी रेखाटने करावीत. एका पानावर चार किंवा सहा चौकटी आखाव्यात, प्रत्येक साधारण काडेपेटीच्या आकाराची. त्यात मऊ पेन्सिलीने फक्त तीन छटा भरायच्या : कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. याला टोनचा अभ्यास म्हणतात. टोन म्हणजे रंग कोणताही असो, तो किती उजळ किंवा किती गडद आहे ते. डोळे अर्धवट मिटून पाहिले की तपशील पुसले जातात आणि टोन दिसतात. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून त्यातून पाहिले तर देखावा कुठे कापायचा हेही ठरते.

पहिले रेखाटन जवळजवळ नेहमीच शिकवलेल्या साच्याचे निघते : डावीकडे झाड, मध्यभागी वाट, मागे डोंगर. ते एकदा काढून मोकळे व्हावे आणि बाजूला ठेवावे. तिसऱ्या-चौथ्यापासून आपला डोळा काम करू लागतो. सहापैकी जे वाक्याच्या सर्वांत जवळ असेल ते निवडावे, भले ते सर्वांत देखणे नसो.

६. साहित्य कमी करावे. सहा रंग पुरेत. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ओकर, लेमन यलो, एक थंड लाल आणि सेरुलियन. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पाषाणाचे सगळे करडे मिळतात. अल्ट्रामरीन जास्त तर थंड, सिएना जास्त तर उबदार. कोकणातला जांभा रंगवायचा असेल तर यात लाल वाढवावा. तयार हिरवा डबीत ठेवू नये. सॅप ग्रीन जवळ असला की आंबा, वड, ऊस आणि बाभूळ एकाच हिरव्यात निघतात, आणि तो हिरवा रंग कारखान्याचा असतो. लेमन यलो व अल्ट्रामरीन यांत किंचित सिएना घालून प्रत्येक झाडाचा हिरवा जागेवर शोधावा. थंड लाल घेताना ट्यूबवरची प्रकाशात टिकण्याची खूण पाहावी; अलिझरीन क्रिमझन देखणा असतो, पण उजेडात उडतो.

कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, शक्यतो कॉटनचा घ्यावा. पूर्ण इंपीरियल ताव २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचा तुकडा मिळतो. वर्षभर याच आकारावर काम करावे. आकार, रंग आणि जागा कायम ठेवल्या की चित्रात जे बदलते ते आपले पाहणे, आणि ते मोजता येते. ब्रश तीन : एक मोठा गोल, एक मध्यम, एक चपटा.

पावसाळ्यात हवेतला दमटपणा वॉश वाळू देत नाही. अशा दिवसांत लहान रेखाटने करावीत किंवा ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याची पद्धत मुद्दाम वापरावी. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय फाइलीत ठेवू नये, आणि फाइलीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, नाहीतर गौरी-गणपतीपर्यंत बुरशीचे ठिपके आलेच समजा.

७. उजेडाची वेळ ठरवून घ्यावी. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. सकाळी आठला सुरू केलेले चित्र दहा वाजता वेगळ्याच जागेचे झालेले असते. म्हणून एक बैठक दोन तासांपेक्षा मोठी करू नये. पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने पक्क्या कराव्यात आणि नंतर सावल्या सरकल्या तरी चित्रातल्या हलवू नयेत. क्लोद मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवत असताना एकाच वेळी अनेक कॅनव्हास सोबत ठेवत असे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलत असे. आपल्याला एवढा पसारा नको. चित्र अपुरे राहिले तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जावे.

८. रंगवण्याचा क्रम. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. म्हणून सर्वांत आधी काय रंगवायचे नाही ते ठरवावे. मेणवलीच्या चित्रात शिक्षिकांनी ओल्या पायऱ्यांची जागा पेन्सिलीने हलकेच आखली आणि शेवटपर्यंत तिथे गडद रंग जाऊ दिला नाही.

पहिला वॉश फिका आणि सगळ्या कागदावरून, राखलेले पांढरे सोडून. त्यांनी पायऱ्यांवर अगदी पातळ सेरुलियनचा हात फिरवला, कारण ओल्या दगडातला उजेड आकाशाचा होता. हा थर पूर्ण वाळू द्यावा. हाताच्या पाठीने कागदाला स्पर्श करून पाहावे. गार लागला तर अजून ओल आहे.

दुसरा थर मधल्या छटांचा. यात कोरडा पाषाण, झाडाचा आकार, पाण्याचा सर्वसाधारण रंग येतो. जलरंग वाळल्यावर फिकट होतो, त्यामुळे हवी त्यापेक्षा एक छटा गडद लावावी. इथे कडांचा विचार करावा. जिथे वाक्याला टोकदारपणा हवा तिथे कोरड्यावर रंग लावून कडा तीक्ष्ण ठेवावी. बाकी ठिकाणी स्वच्छ पाण्याच्या ब्रशने ती विरघळवावी. त्या चित्रात तीक्ष्ण कडा एकाच ठिकाणी होती, ओली पायरी जिथे कोरडीला भिडते तिथे.

तिसरा थर गडदांचा, आणि तो कमी. पायऱ्यांचे उभे भाग, झाडाच्या बुंध्याजवळची सावली, वाकलेल्या दोन बायकांचे छोटे आकार. माणसे वेगळी 'काढू' नयेत; ती आसपासच्या सावलीतच मिसळलेली असू द्यावीत.

पेन्सिल फार वापरू नये, ब्रश टोकाजवळ न धरता मागे धरावा, कागद थोडा तिरका ठेवावा, हे आपल्याला ठाऊक असेलच.

९. वाक्य पूर्ण झाले की थांबावे आणि मागे नोंद करावी. चित्र उलटे धरून किंवा दहा पावले लांब ठेवून पाहावे. वहीतले वाक्य वाचावे. ते चित्रात दिसते का? दिसत असेल तर उरलेला कोपरा अपुरा वाटला तरी हात आवरावा. दिसत नसेल तर कोणती एक गोष्ट आड येते ते शोधावे. तपशील वाढवून हे सहसा सुटत नाही. एखादा गडद पुरेसा गडद नसतो, इतकेच.

कागदाच्या मागे तारीख, वेळ, हवामान आणि ते वाक्य लिहावे. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला आकाशाचे अभ्यास करत होता, तेव्हा तो अनेक अभ्यासांच्या मागे दिवस, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवत असे. आपण यात आणखी एक ओळ घालावी : आज कोणता निर्णय मी दुसऱ्याच्या सवयीने घेतला? 'पाण्यातले प्रतिबिंब अमक्यांच्या पद्धतीने उभ्या फटकाऱ्यांनी काढले', असे स्पष्ट लिहावे. हे लिहिताना संकोच होतो. तरी लिहावे, कारण तेराव्या टप्प्यात या ओळींची गरज आहे.

१०. घरी आल्यावर स्मरणचित्र करावे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत आपण स्मरणचित्र काढले असेल. तोच सराव इथे कामाला येतो. त्याच संध्याकाळी, मूळ चित्र न पाहता, तोच देखावा पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पंधरा मिनिटांत रंगवावा. आठवणीत जे राहिले ते मोठे होते, जे राहिले नाही ते गळते. मूळ चित्र आणि हे स्मरणचित्र शेजारी ठेवून फरक पाहावा. माझ्या अनुभवात स्मरणचित्र बहुधा जास्त खरे निघते, आणि पुढच्या खेपेला काय सोडायचे ते तेच सांगते.

११. फोटो. नोंदीसाठी काढावा, चित्र झाल्यावर काढावा, आणि त्यावरून सावल्यांचे रंग ठरवू नयेत. कॅमेरा गडद सावल्या काळ्या करतो. डोळ्याला त्यात निळा, जांभळा, परावर्तित उजेडाचा पिवळा दिसत असतो.

१२. उसने काय आहे ते ओळखून घ्यावे. प्रभाव वाईट नसतो. आपल्याकडची जलरंगाची परंपराच एकमेकांचे पाहून वाढली आहे. म्हणून ज्यांचा प्रभाव आपल्यावर आहे त्यांच्या एका चित्राची प्रत उघडपणे करावी. उदाहरणार्थ, सावळाराम हळदणकर (१८८२-१९६८) यांचे एखादे जलरंगचित्र चांगल्या छपाईत मिळाले तर त्याची बारकाईने प्रत करावी, मागे 'हळदणकरांवरून' असे लिहावे, आणि तीन गोष्टी नोंदवाव्यात : त्यांनी पांढरा कुठे राखला, गडद किती कमी ठेवले, आणि कोणती कडा विरघळवली. हे ज्ञान आपले झाले. त्यानंतर महिनाभर त्यांची चित्रे पाहणे थांबवावे आणि आपल्या जागेवर जावे.

मोबाइलवरच्या प्रात्यक्षिकांबाबत मी थोडा कडक आहे. ज्या दिवशी बाहेर रंगवायला जायचे, त्याच्या आदल्या दोन दिवसांत एकही प्रात्यक्षिक पाहू नये. नुकतेच पाहिलेले थेट हातात उतरते.

यातून आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो : स्वतःशी प्रामाणिक राहायचे म्हणजे एकच शैली धरून ठेवायची का? नाही. सय्यद हैदर रझा यांनी सुरुवातीच्या काळात मुंबईचे रस्ते जलरंगात रंगवले. १९५० साली ते पॅरिसला गेले, फ्रान्समधली गावे आणि घरे रंगवली, आणि ज्या बिंदूसाठी आज ते घरोघरी माहीत आहेत तो त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो बऱ्याच दशकांनंतर. त्यांची चित्रे क्रमाने पाहिली तर प्रत्येक बदल आधीच्या कामातून उगवलेला दिसतो. बदल आपल्या वहीतल्या वाक्यांतून आला की बाजारातून आला, एवढे तपासले की पुरते.

१३. वीस चित्रे झाली की जमिनीवर मांडावीत. वर्षभरात, आठवड्याला एक खेप धरली आणि पावसाळा, परीक्षा, लग्नसराई वजा केली, तरी वीस चित्रे सहज होतात. घरातली सर्वांत मोठी खोली मोकळी करावी, तारखेच्या क्रमाने चित्रे मांडावीत आणि उभ्याने पाहावीत. मग चारच गोष्टी शोधाव्यात.

कोणता आकार पुन्हा पुन्हा येतो? कोणता रंग सगळीकडे आहे? कोणत्या वेळेची चित्रे जास्त जिवंत आहेत? आणि कोणती गोष्ट प्रत्येक चित्रात, जागेवर तसे नसतानाही, येते?

शेवटचा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. एका कलादालनाने माझी ऊन-सावलीतल्या वाड्यांची चित्रे घेतली, ती विकली गेली, आणि त्यांनी तशीच आणखी मागितली. मी सात महिने वाडेच रंगवले. एकदा सगळी मांडून पाहिली तेव्हा लक्षात आले की वाडे वेगवेगळ्या गावांचे, काही पूर्वाभिमुख, काही उत्तराभिमुख, पण सावली प्रत्येक चित्रात डावीकडून उजवीकडे, त्याच कोनात पडली होती. मी जागेवर बसूनही जागेची सावली पाहत नव्हतो. विकल्या गेलेल्या पहिल्या चित्राची सावली रंगवत होतो. त्या दिवशी मला खूप वाईट वाटले, आणि पुढचे तीन महिने मी फक्त ढगाळ दिवशी बाहेर पडलो.

आपल्याला अशी गोष्ट सापडली तर तिचे दोन प्रकार करावेत. जागेच्या मागे लागून, तिच्याशी झगडून जी पुन्हा पुन्हा आली असेल ती आपली. ती ठेवावी आणि वाढवावी. जागेकडे न पाहता हाताने आपोआप केलेली असेल ती लकब. पुढच्या पाच चित्रांत ती मुद्दाम टाळावी. कोणती कोणत्या प्रकारची, हे ठरवायला चित्राच्या मागची नोंद वाचावी. तिथे आपणच लिहून ठेवलेले असते.

१४. दाखवणे आणि विकणे वेगळे ठेवावे. नवे चित्र निदान महिनाभर कोणाला दाखवू नये, मोबाइलवरही टाकू नये. पहिल्या तासात मिळालेल्या पसंतीमुळे पुढचे चित्र आधीच ठरून जाते. दाखवायचे झाल्यास दोन माणसे निवडावीत : एक चित्रकलेतले, जे टोन आणि रचनेबद्दल बोलतील, आणि एक त्या जागेवर रोज वावरणारे. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईंना चित्र दाखवले आणि त्या म्हणाल्या, 'हो, सकाळी असंच होतं', तर ते परीक्षण मोलाचे आहे.

मागणीची कामे नाकारायची गरज नाही. घर चालवायचे असते, कागद-रंग महाग आहेत. मात्र मागणीचे काम वेगळ्या फाइलीत, वेगळ्या दिवशी आणि शक्यतो वेगळ्या आकाराच्या कागदावर करावे. वर्षभराच्या जागेवर मागणीचे चित्र कधीही काढू नये. प्रदर्शनासाठी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या दालनाची तारीख मिळायला दीर्घ प्रतीक्षा असते. तारीख मिळाली म्हणून घाईत भिंती भरू नयेत. निवड वीसमधून आठची करावी आणि त्या आठांच्या मागची वाक्ये आधी वाचून पाहावीत. एकच वाक्य तीनदा आले असेल तर त्यातले एकच चित्र लावावे.

१५. जागा कधी बदलावी? जागा कंटाळवाणी झाली म्हणून बदलू नये. कंटाळ्याच्या पलीकडे बरेच काही असते. सलग तीन खेपांत वाक्य सापडले नाही, तर एक पूर्ण ऋतू थांबावे आणि त्याच जागी परत जाऊन एक शेवटची खेप रंगांशिवाय करावी. तेव्हाही वाक्य सापडले नाही तरच जागा बदलावी.

त्या शिक्षिका पावसाळ्यात पुन्हा मेणवलीला गेल्या. कृष्णेला पाणी चढले होते. खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, धुणे धुणारे कोणी नव्हते, म्हणजे त्यांच्या पहिल्या वाक्यातले काहीच तिथे उरले नव्हते. भुरभुर पावसात छत्री धरून त्या पाऊण तास देवळाच्या ओट्यावर बसल्या. मग वही काढून लिहिले : 'पायऱ्या बुडाल्या आहेत, पण पाणी जिथे जिथे त्यांच्यावरून जाते तिथे त्याला घडी पडते.' आणि पिशवीतून कागद काढला.